फुईचं कुंकू आणि चार थंड प्लग

रोटरी इंजिनाच्या गाडीला चार स्पार्क प्लग लागतात आणि ते चारही मी निवडले होते. पुढील मजकूर या पार्श्वभूमीवर वाचावा.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, आप्पांची. जन्मभर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून काम करून आप्पा निवृत्त झाले आणि महिनाभरात घरच्यांच्या लक्षात आलं, की या माणसाला खोलायला मशीन मिळालं नाही तर तो घर खोलतो. (तीन पंखे, एक मिक्सर. मिक्सर अजून बंद आहे.) अशात गुजरातेतल्या जहाजतोडणीच्या बाजारात त्यांना एका लाकडी पेटीत जपानी रोटरी इंजिन सापडलं. या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाहीत. पोटात एक तिकोनी लोखंड गरगर फिरतं. अशी दोन लोखंडं, प्रत्येकाला दोन प्लग. आप्पांनी ते एका जुन्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये बसवलं आणि वर टर्बोही जोडला. या कामाला तीन वर्षं लागली. (कागदपत्रांविषयी या लेखात काही नाही.)

तीन वर्षं आमच्या धानोरा गावातला येणारा-जाणारा अंगणात डोकावून एकच विचारायचा, "आप्पा, हाई गाडी चाली का निस्ती उभी ऱ्हाई?"

आप्पा पाना फिरवत राहत. उत्तर त्यांच्या मुलीनं दिलं. पूनमचं लग्न शहाद्याला ठरलं, त्या बैठकीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सासरी जासू ते पप्पासनी गाडीमाच."

व्याह्यांनी हसून मान डोलावली. आप्पा उठून अंगणात गेले, बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले. इंजिनात तेव्हा पाहण्यासारखं काही बिघडलेलं नव्हतं.

बिघाड नंतर निघाला. गाडी चाळीसच्या वर गेली की ठसके द्यायची. आप्पांनी प्लग काढून पाहिले, चारही झिजलेले. टर्बो बसवल्यावर पहिलेच प्लग पुढं चालवणं बरं नाही, निराळे शोधले पाहिजेत, असं त्यांचं मत पडलं. शोधायचं काम माझ्याकडे आलं.

"नाना, तू पेपरवाला शेस," आप्पा म्हणाले. "तपास तू कर. मी बसाडी दिसू."

मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दोन सूत्रांकडून खात्री झाल्याशिवाय मी साधी पाणीकपातीची बातमी सोडली नाही. प्लगच्या बाबतीतही तेच करायचं ठरवलं. वही घेतली, पेन घेतलं आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे नमुना म्हणून एक जुना प्लग रुमालात बांधून शहाद्याची एसटी धरली.

शहाद्यात ज्या शेठजींकडे आप्पा सुटे भाग घेतात, त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन ते दुकान टाकलं. शेठजी भाग हातात घेतात, तळहातावर तोलतात आणि न पाहता मागच्या फळीवर हात घालतात. माझा प्लग त्यांनी दोनदा तोलला. हात फळीकडे गेला नाही.

"ये फटफटी का नहीं. ट्रॅक्टर का भी नहीं. किसका है?"

"गाडीचा. त्यात इंजिन फिरतं."

"नानासाहेब, इंजिन तो सबका फिरता है."

मी रोटरी इंजिन समजावून सांगितलं. दुकानातली तीन गिऱ्हाइकं आपापलं काम सोडून ऐकत राहिली. शेठजींनी चष्मा लावला, एक जाडजूड कॅटलॉग काढला आणि मला जे सांगितलं ते मी वहीत शब्दशः उतरवून घेतलं. ते असं: यातले काही प्लग गरम, काही थंड. थंड प्लग अंगावरची उष्णता झटकन सोडून देतो, म्हणून वेगानं पळणाऱ्या, टर्बोच्या गाडीला तो बरा. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो आणि तोंडावर बसलेली काजळी स्वतःच जाळतो, म्हणून हळू चालणाऱ्या गाडीला तो बरा.

यातलं थंड प्लगचं वाक्य मी अधोरेखित केलं.

"और गाडी चलेगी कितने से?" शेठजींनी विचारलं.

"ताशी एकशेवीस," मी म्हणालो. आकडा आप्पांचा होता. मी तो कधी पाहिला नव्हता, पण सांगताना माझा आवाज अजिबात हलला नाही.

"एकशेवीस? फिर तो सबसे थंडा लो," शेठजी म्हणाले आणि कॅटलॉग मिटला.

घरी येऊन दुसरं सूत्र गाठलं. आप्पा म्हणाले, टर्बोला थंडच. मी लिहून घेतलं. तेवढ्यात ओसरीवर गहू निवडत बसलेली फुई म्हणाली (आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आमची फुई ऐंशीच्या पुढची आहे आणि तिला न विचारता घरात खिळाही ठोकला जात नाही), "वैशाखमा लगीन शे. मानसं भाजाई जातस, लोखंडनं काय? थंडाच लई ये."

एकूण तीन सूत्रांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला. (फुईचं सूत्र सूर्य होता, हे तेव्हा विचारात घेतलं गेलं नाही.) प्लग मुंबईहून मागवले.

ते आले त्या दिवशी फुईनं ते आधी ताटात मांडले. लग्नाच्या घरात कोरी वस्तू तशीच वापरत नाहीत. तिनं चारही प्लगना हळद-कुंकू लावलं आणि लावलं ते नेमकं ठिणगी पडते त्या टोकाला.

"फुई, तोंडले नको लाऊ वं," आप्पा कळवळून म्हणाले.

"मंग कोठे लाऊ? कुंकू काय पायले लावतस?"

आप्पांनी फडक्यानं चारही टोकं लख्ख पुसली. मी नोंद म्हणून मोबाइलवर फोटो काढले: कुंकवासह एक, पुसल्यावर एक. सवय. जुने प्लग मी भंगारात टाकायला निघालो तर फुईनं ते हातातून काढून घेतले. "तीन वरीस काम करं त्यासनी," ती म्हणाली. "मारुतीना पायपाशी ठेवसू." आणि ते कमरेच्या पिशवीत गेले.

नव्या प्लगांची चाचणी शहादा रस्त्यावर झाली. गाडी अशी सुटली, की आप्पांच्या डोक्यावरची टोपी मागच्या सीटवर सापडली. ठसका नाही, धूर नाही. उतरल्यावर आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, जमनं रे तुले." पुढचे चार दिवस मी गावात भेटेल त्याला थंड प्लग आणि गरम प्लग यांतला फरक सांगत होतो. लोक मला पाहून रस्ता बदलू लागले होते, हे मागाहून कळलं.

लग्न वेळेवर लागलं. जेवणं झाली. ऊन कलल्यावर नवरा-नवरीची वरात मांडवापासून मारुतीच्या देवळापर्यंत आणि तिथून गाडी थेट शहाद्याला, असा बेत होता. झेंडूनं मढवलेली अँबॅसिडर पुढं आली. चालवायला स्वतः आप्पा, मागं पूनम आणि जावई. सगळा गाव रस्त्यावर. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि "चाली का" विचारणारे दोघे-तिघे उगाच आकाशाकडे पाहू लागले.

मांडव ते मारुती हे अंतर चालत पाच मिनिटांचं आहे. पण पुढं बँजोवाले होते आणि बँजोवाल्यांनी टिमली धरली. टिमलीत माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल फिरतात; पुढं सरकणं त्या नाचात बसत नाही. नवरदेवाचे मित्र फिरू लागले, मग आमची पोरं शिरली, मग व्याही शिरले. पाऊण तासात वरात तीन घरं पुढं आली. ताशी एकशेवीसचे प्लग गाडीत बसून वाट पाहत होते.

पिठाच्या गिरणीपाशी गाडी खोकली. मागून काळा धूर आला. मग सायलेन्सरमधून असा बार निघाला, की नाचणाऱ्यांना वाटलं फटाका, आणि त्यांना आणखी चेव आला. दुसरा बार झाला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या बाराबरोबर इंजिन बंद पडलं.

आप्पांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. बँजो थांबला आणि त्या शांततेत स्टार्टरचा आवाज सगळ्या गावानं ऐकला.

व्याही भले माणूस. ते खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "आप्पा, टेन्शन नका घेऊ. मन्ही बोलेरो बलाडी लेतस."

आप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मागून पूनम म्हणाली, "मी बठी शे पप्पा. तुम्ही देखा." तिनं पदर खोचला आणि सीटला टेकून बसली, बोलेरो आली तरी ही उतरत नाही, हे सगळ्यांना कळलं. पण बोलेरो आणायला माणूस गेलाच.

गर्दीतून कोणीतरी बोललं, "फुईनी प्लगले कुंकू लावेल व्हतं ना."

सगळ्यांनी फुईकडे पाहिलं. मग फुईनं माझ्याकडे पाहिलं. मी जाणकार होतो, चार दिवस गावभर तसं सांगत फिरत होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ती शक्यता नाकारता येत नाही."

आप्पांनी बॉनेट उघडलं, फडकं गुंडाळून तापलेले प्लग काढले आणि रांगेनं धरले. चारही काळेकुट्ट, तेलकट, काजळीनं भरलेले. लाल ठिपका औषधाला नव्हता. मी मोबाइल मागं लपवत होतो, तो पूनमनं खिडकीतून हात काढून ओढून घेतला. "हाऊ देखा फोटू. काकानीच काढेल शे. कुंकू पुशीसन बसाडेल शेत."

आप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "नाना, शेठले गाडीना वेग काय सांगा तू?"

"एकशेवीस."

"आन आते कितला चाली ऱ्हायनात आपन?"

आम्ही दोघांनी टिमलीच्या थांबलेल्या रिंगणाकडे पाहिलं. मला वहीतलं अधोरेखित न केलेलं वाक्य आठवलं: हळू चालणाऱ्या गाडीला गरम प्लग. बातमीत कोण, कुठं, केव्हा हे विचारायचं असतं. गाडीपुढं कोण नाचणार, हे मी विचारलंच नव्हतं.

"जुने, गरम प्लग राहते तर…" मी पुटपुटलो.

फुईनं कमरेची पिशवी सोडली. आत सुपारी, मारुतीसाठीचा कापूर आणि चार जुने प्लग होते. आप्पांनी हात पुढं केला. फुईनं पिशवी मागं घेतली.

"देस," ती म्हणाली. "पन पहिले नाना सांगी. कुंकूना काही दोष नव्हता म्हनीसन."

"फुई, चुकलं माझं," मी म्हणालो.

"मन्हा कानमा नको सांगू. बठ्ठा गावनी ऐकं. त्या माइकवर सांग."

वळणावर बोलेरोचा हॉर्न वाजला. वर्तमानपत्रात दुरुस्ती आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक टायपात छापतात. ती सोय इथं नव्हती. मी बँजोवाल्याकडून माइक घेतला आणि वाचून दाखवल्यासारखं बोललो: प्लगच्या बिघाडास कुंकू कारणीभूत असल्याची शक्यता वर्तवण्यात आली होती, ती निराधार आहे, निवड सर्वस्वी माझी होती, दिलगीर आहे. बँजोवाल्यानं माइकचा घुमारा बंद केला नव्हता. "दिलगीर… दिलगीर… दिलगीर…" गिरणीपासून मारुतीपर्यंत गेलं. त्या ठेक्यावर ढोल आपोआप सुरू झाला.

झिजलेल्या प्लगांवर इंजिन दुसऱ्या फटक्याला लागलं. गाडी चाळीसच्या खाली ठेवत आप्पांनी पूनमला शहाद्याला पोचवलं. रिकामी बोलेरो मागून गेली. तिच्यात मी होतो.

चाळीस वर्षांत मी कितीतरी दुरुस्त्या छापल्या. एकीचीही कुणी दखल घेतल्याचं आठवत नाही. ही मात्र लग्नाच्या व्हिडिओत आहे, पूर्ण, घुमाऱ्यासकट. आणि तिच्यावर शंभर-दीडशे माणसं नाचताना स्पष्ट दिसतात. सगळ्यात पुढं फुई आहे.