दारातली गंगा

ऑफिसात मध्यंतरी एक खेळ झाला. प्रत्येकाने आपलं ड्रीम डेस्टिनेशन सांगायचं. कुणी स्वित्झर्लंड म्हणालं, कुणी बाली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, जिथे आमच्या ओळखीचं कुणी राहत नाही असं कुठलंही गाव. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आमचं घर पंचवटीत. नाशकात गोदावरीला घरच्या बोलण्यात कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. भाजी आणायला गंगेवर, गाडी लावायला गंगेवर. ही गंगा आमच्या दारापासून चार पावलांवर, म्हणून सगळ्या गोतावळ्याचा मुक्काम आमच्याकडे. कुणाच्या दहाव्याला यायचं असो की दिंडोरीकडची वायनरी बघायची हौस असो, उतरायचं आमच्याच घरी. आई दार उघडायची, पाणी द्यायची आणि विचारायची, "प्रवास कसा झाला?" मग मंडळी पाय पसरून गाडीतली गर्दी, घाटातला ट्रॅफिक, सगळं सांगत बसायची आणि ती पोळ्या लाटता लाटता ऐकायची. आपल्या प्रवासाचं सांगावं असं तिच्याकडे काही नव्हतंच.

तिला हरिद्वारला जायचं होतं. काश्मीर नाही, दुबई नाही, फक्त हरिद्वार. पण ती म्हणायची, "मला एकदा गंगा बघायची आहे." नाशकात राहून हे असं म्हणणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. वडील म्हणायचे, मग अडलंय कुठे, चप्पल घाल आणि बघून ये. पाहुणेही हसायचे, तिच्याच हातचं जेवता जेवता. मला त्या हसण्याची चीड यायची, अजून येते. वडील गेल्यावर घराबरोबर हा विनोदही माझ्या भावाकडे आला.

गेल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला भावाने जाहीर केलं की आज आईला गंगा दाखवणार. मला वाटलं, तिकिटं काढली असणार. मूर्खासारखी मी तिचा स्वेटर शोधायला लागले. भावाने तिला नेलं रामकुंडावर. आता तिथे संध्याकाळी मोठ्या दिव्यांची आरती होते, अगदी हरिद्वारसारखी, असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याने आईसाठी पुढची खुर्ची मिळवली, फोटो काढले आणि फॅमिली ग्रुपवर टाकले, 'आईचं स्वप्न पूर्ण' असं लिहून. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. घरी आल्या आल्या आईने कुकर लावला, कारण आरती बघायला आलेले पाहुणे जेवायला थांबणार होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन तिच्यावरच चिडले. तू बोलत का नाहीस, ही आरती हवी होती का तुला? तिने कणकेचा हात पुसला.

"आरती नको, आंघोळ नको," ती म्हणाली. "मला कुठेतरी पाहुणी म्हणून जायचं होतं गं."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या दोघींचं रिझर्व्हेशन केलं. भाऊ म्हणाला, तिचे गुडघे, तिकडची थंडी. मग हळूच म्हणाला, सिंहस्थ तोंडावर आलाय, नातेवाइकांचे फोन सुरू झालेत, आई नसली तर घरी कोण बघणार? खरं दुखणं हे होतं. मी म्हटलं, तू बघ. पोळ्या जमत नसतील तर विकत आण.

गाडीत खिडकीची जागा मी कुणाला देत नाही, लहानपणी त्यावरून मारामाऱ्या केल्यात. आईला दिली. ती दिवसभर बाहेर बघत राहिली, मला शेतं आणि स्टेशनं दाखवत राहिली. हरिद्वारच्या धर्मशाळेत नाशिक म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस हसला. म्हणाला, वहाँ तो आपकी अपनी गंगा है, माताजी. मी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, सफर कैसा रहा? आईने पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत थेट नाशिकरोड स्टेशनपासून सुरुवात केली. समोर नदी दिसत होती. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. एका परक्या माणसाने सहज विचारलेला प्रश्न, आणि त्यासाठी या बाईला इतक्या लांब यावं लागलं. मला घरातल्या एकेकाला धरून हलवावंसं वाटलं.

परत आलो तेव्हा दार भावाने उघडलं. सुटलो एकदाचा असा त्याचा चेहरा होता. "बरं झालं आलीस," तो आईला म्हणाला, "उद्या चार माणसं येतायत."

आईने चप्पल काढली नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आधी पाणी दे," ती म्हणाली, "आणि विचार, प्रवास कसा झाला."