गोलकोंड्याच्या पार्किंगमधली येळवस

माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, माफ करा. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते.

बस गोलकोंडा किल्ल्याच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि आमचे प्रवासी किल्ल्याकडं बघायलाही तयार नव्हते.

मी बिदरच्या एका टूरवर स्वयंपाकाला असते. गॅस, भांडी, तांदूळ सगळं बसच्या डिकीत. ही एका दिवसाची हैदराबाद टूर होती. पाटीवर दहा पॉइंट: गोलकोंडा, चारमिनार, म्युझियम, बिर्ला मंदिर, हुसेनसागरातला बुद्ध वगैरे. आमच्या धंद्यात पॉइंट म्हणजे बस थांबते ती जागा. 'बाहेरून दर्शन' म्हणजे बस न थांबता मालक बोट दाखवतात ते.

मालकांनी तारीख धरली येळ अमावस्येची. येळवस म्हणतो आम्ही. त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात. सगळे शेतात जेवतात. पावटा, वाटाणा, तुरीचे दाणे बेसनात शिजवलेली भज्जी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. वाटसरूलाही हाक मारून जेवू घालायचं, उपाशी पाठवायचं नाही. त्या दिवशी बस स्वस्त मिळते, हा मालकांचा हिशोब. प्रवासी मिळाले ते बिदरजवळच्या कोळारकडची शेतं प्लॉटवाल्यांना विकून बिदरात बंगले बांधलेले. स्वतःचं शेत उरलं नाही, दुसऱ्याच्या बांधावर जेवायला जायची लाज. म्हणून हैदराबाद.

"चला, किल्ला बघू!" मालक माइकवर ओरडले.

पुढच्या सीटवरच्या शांताक्का म्हणाल्या, "किल्ला बिदरातबी हाय. आज आंबील कुठाय, ते सांगा."

"पुलाव हाय न्हवं, अक्का."

"येळवसला पुलाव? माणसं हाव का वऱ्हाडी?"

मी माझ्यापुरती आणि ड्रायव्हरपुरती थोडी आंबील घरून आणली होती. शांताक्कांनी डिकीत डोकं घातलं. "अगं बया! कामून लपवायलीस? समद्यांसाठी कर की."

मी मालकांकडं बघितलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "करा. पण पॉइंट हुकले तर पगारातून कापीन." त्या पगारात माझं घरभाडं होतं. इकडं शांताक्का पदर खोचून उभ्या. मी शेगडी पेटवली.

ड्रायव्हर जवळच्या मेहदीपट्टणमच्या बाजारातून पावट्या-तुरीच्या शेंगा आणि ताक घेऊन आला. पाठोपाठ पार्किंगचा चाचा आला. "अम्मा, चूल्हा नक्को यहाँ."

"भाई, आज भूका जाना नक्को," शांताक्का म्हणाल्या. "बैठो."

चाचा बसला. मग त्याचे सोबती, मग चणेवाला. पुण्याचं एक कुटुंब थबकलं. "हासुद्धा इथला पॉइंट आहे का?" त्यांनी आधी फोटो काढले, मग जेवले. मी आंबिलीत ताक ओतत राहिले, भज्जी पुन्हा टाकली.

शांताक्कांचे यजमान बसप्पाअण्णा भज्जी-आंबील घेऊन पीक शोधायला निघाले. पिकावर शिंपडायची पद्धत आहे. पीक नव्हतं. त्यांनी पार्किंगच्या शोभेच्या झाडांवर शिंपडली आणि बराच वेळ पाठ करून उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही.

मग सगळे झाडाखाली आडवे झाले. उठले तेव्हा किल्ल्याची तिकीटखिडकी बंद. चारमिनार बाहेरून झाला. बुद्ध ट्रॅफिकमधून, तोही डाव्या बाजूच्या सीटवाल्यांनाच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गर्दी. पुढं शांताक्काच. "दहा पॉइंट सांगून एकबी धड दाखवला न्हाई. पैसे वापस द्या!" मालकांनी अर्धे परत केले आणि माझा पगार कापला. मला म्हणाले, "अक्का, टूर तुमच्या भज्जीनं बुडाली." त्या महिन्याचं भाडं मी कानातली फुलं गहाण ठेवून भरलं.

मी एवढंच शिकले की मोठ्या शहरात बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण ते दाखवायचं असेल तर माणसांना आधी जेवू घालू नये.

पुढच्या साली शांताक्का परत ऑफिसात. "औंदाबी गोलकोंडाच. चारमिनार राहू द्या. भज्जीवाली अक्का येणाराय का?" दोन बस भरल्या. मालक माझ्या दारात आले.

"अक्का, तुमच्या हाताला चव हाय." मी गप्प. "मागचं मनात धरू नका." मी गप्पच. त्यांनी कापलेल्या पगारातले अर्धे पैसे काढून उंबऱ्यावर ठेवले. मला खरंच काय बोलावं सुचत नव्हतं. मालकांनी घाम पुसला.

"लई पक्क्या हाव तुमी," म्हणाले, आणि दुसऱ्या खिशातून उरलेले सगळे काढून दिले.