नोझल फुंकायचं मशीन

आमचे हे नोकरीने कारकून, पण जीव सगळा मिस्त्रीकामात. दारव्ह्याच्या घरामागे टिनाचं शेड टाकून संध्याकाळी फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. कपाशीवर बोंडअळीने धुमाकूळ घातला त्या वर्षांत तर दारात पंपांची रांगच लागे. लोक औषधात औषध मिसळून मारत होते. आणि हे महाराज काय करायचे, तर जाम झालेला नोझल सरळ ओठांना लावून जोरात फुंकायचे. मी सांगून सांगून थकले. "फुंकरच तं मारायची हाय, त्याले मशीन कायले पाह्यजे?" हे यांचं ठरलेलं उत्तर.

एक दिवस शेडमध्येच यांना उलट्या सुरू झाल्या, हात थरथरायला लागले. नोझलातलं औषध पोटात गेलं होतं, दोन दिवस दवाखान्यात होते. त्या दोन दिवसांत मी किती भ्याले ते माझं मला माहीत. जरा बरं वाटल्याबरोबर यांना घेऊन यवतमाळला हवा मारायचा कंप्रेसर पाहायला गेले.

दुकानदाराने दोन दाखवले. एक लहान, उचलून कुठेही नेता येईल असा, पण आवाज ऐकून शेजारची म्हैस पान्हा चोरेल. यांचा जीव नेमका त्याच्यावर जडला. दुसरा बेल्टवाला, चांगलं धूड, टाकी दुपटीची. दोन्ही घरच्या लाईनवर चालणारे. हे वजन, जागा, मोटर असं बोलत बसले. मी एकच विचारलं, लाईन गेल्यावर टाकीतल्या हवेवर किती नोझल साफ होतील? आमच्याकडे लाईन जायची ती नेमकी संध्याकाळी, आणि हवा संपली की या माणसाचं तोंड पुन्हा नोझलला लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुकानदार म्हणाला, लहानावर पाच-सहा, मोठ्यावर दुप्पट तरी. झालं, मोठाच घेतला. जीपमध्ये यांनी रस्ताभर तोंड फुगवलं होतं. फुगवू देत म्हटलं, नोझलला तर लावत नाहीत!

मग नोझल आधी साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि नंतर हवा मारायची, असं सुरू झालं. मी शेजारणींना कौतुकाने सांगत सुटले. माझ्या जिवावरचं ओझंच उतरलं होतं.

आठवडाभराने ओळखीचा एक शेतकरी दुरुस्त झालेला पंप न्यायला आला. अंगणात पाणी भरून चालवून पाहिला, तर धार तुटक येत होती. त्याने नोझल काढला आणि तोंडात धरून फुंकला. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. यांच्यावर काय बेतलं होतं तेही सांगितलं.

"बरोबर हाय, काकू," तो म्हणाला, "पन वावरात जाम झाला तं?"

मी शेडमध्ये गेले, धुतलेले दोन नोझल आणले आणि त्याच्या हातावर ठेवले. म्हटलं, जाम झाला की बदलायचा, तोंडाला लावायचा नाही.

त्याने दोन्ही नोझल बोटाने उलटवून पाहिले.

"दिवसातून दहादा जाम होते, काकू," तो म्हणाला. "हे दोन कितीक पुरतीन?"