दुकालू कावून निघाला?

ताईचा फोन आला तेव्हा मी गिरणीवर दळणाचा डबा घेऊन उभा होतो. गिरणीच्या घरघरीत तिचं बोलणं ऐकू येईना म्हणून मी खेकसलो, जरा जोरात बोल ना! मग ती जोरात बोलली. तुझे भाऊजी गेले... डबा तिथंच टाकून मी बाहेर येऊन उन्हात उभा राहिलो. गिरणीवाला मागून विचारत होता, गहू जाड दळू की बारीक. आता याला सहा आठवडे होत आले. एवढ्या दिवसांत भाऊजींबद्दल लोक खूप चांगलं बोलले आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र दुसरंच काहीतरी लिहायचं आहे, आणि त्यात माझं काही चांगलं निघणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, राजाभाऊ मेश्राम. भंडाऱ्याकडून विशीत भिलाईला आले आणि पोलाद कारखान्यात ओव्हरहेड क्रेन चालवत म्हातारे झाले. मी त्याच कारखान्यात कारकून. माझा राग कायम नाकावर आणि त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे आमचं भांडण एकतर्फीच व्हायचं. त्यांच्या खात्यात एक नियम होता. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय क्रेनची केबिन सोडायची नाही. खाली वितळलेलं पोलाद असतं, वर खुर्ची रिकामी राहून कशी चालेल? पण भाऊजी त्याच्याही पुढं जात. रिलीव्हर निघालाय, गेटवर आलाय, जिना चढून राहिलाय, असल्या निरोपांवर ते उठत नसत. "आयकून नाई उठाचं, पाहून उठाचं," म्हणायचे. एकदा या हट्टापायी सलग दोन पाळ्या काढल्या आणि माझ्या लग्नाच्या बैठकीला आलेच नाहीत. मी वर्षभर त्यांच्याशी नीट बोललो नव्हतो.

रिटायर झाल्यावर त्यांनी कुरुदच्या कडेला घर बांधलं आणि हाच नियम घेऊन ते एका गावात शिरले. जामुलच्या सिमेंटची धूळ मागं पडली की धानाची शेतं लागतात, तिथलं हे लहानसं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या क्रेनवरचा एक जुना मदतनीस तिथला. त्याची बायको साप चावून वाटेतच गेली होती, कारण आधी बैगाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, झाडफूक झाली आणि मग गाडी शोधण्यात वेळ गेला. भाऊजींनी गावातली सहा माणसं जमवली, सातवे ते स्वतः. पद्धत साधी होती. दिवसरात्र दोन जण ड्यूटीवर. एक शाळेच्या ओट्यावर मोटरसायकल घेऊन, दुसरा आपल्या घरी, हाकेच्या अंतरावर. साप चावला की अँब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. पहिला गाडी चालवणार, पेशंट मध्ये, आणि मागं बसणारा त्याला दोन्ही हातांनी धरणार. त्याला सगळे 'धरणारा' म्हणत. विष चढलं की मान टाकतो माणूस, पापण्या मिटतात, अंग सैल पडतं, तेव्हा सगळं त्या मागच्यावर असतं. घरच्या म्हाताऱ्यांना बैगाकडून वळवायचं कामही त्याचंच, कारण चालवणारा तोवर गाडी दारात आणतो. धरणाऱ्यांत सगळ्यात तरबेज होता दुकालू. चाळिशीचा, बुटका, राजमिस्त्री म्हणजे गवंडी. पदराला खार लावून रात्री-बेरात्री धावणारी माणसं होती ती, आणि त्यांना कोणी साधं चहालाही विचारत नव्हतं.

तर आमच्या भिलाईतल्या मराठी मंडळाचा मी सेक्रेटरी. मीच ठरवलं की या सातही जणांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र, पाहुणे, सगळं. हेतू चांगला होता, पण खोटं कशाला बोलू, आपल्या भाऊजींमुळे आपलीही कॉलर ताठ होईल हेही मनात होतंच. भाऊजी म्हणाले, पाच जण घेऊन जा, दोघं गावात राहतील. मी स्वतः राहतो आणि दुकालू राहील. मी खूप डोकं आपटलं. सकाळी तीन तासांचा तर कार्यक्रम, तेवढ्यात काय आभाळ कोसळतं? ते नुसते हसले. मला त्या हसण्याचा राग आला. आणि कार्यक्रमाच्या सकाळी मी दुकालूला फोन केला. तू निघून ये, म्हटलं, तुझ्या जागी भिलाईहून माणूस पाठवलाय, भैयाला विचारलंय. भाऊजींना तिथं सगळे भैयाच म्हणत. त्यानं दोनदा विचारलं, भैया हौ कहिस का? हो म्हणालेत, मी म्हटलं. माणूस कोणी निघालेला नव्हता. भाऊजींना मी काही विचारलेलं नव्हतं. स्टेजवर सहा खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात, एवढ्यासाठी मी ते बोललो. भैयाचा साळाच सांगतोय म्हटल्यावर दुकालूनं नवा शर्ट घातला आणि बस धरली.

दुकालूच्या खांद्यावर शाल पडत होती तेव्हा माझा फोन थरथरला. मी माइकपासून बाजूला झालो. भाऊजी होते. धापा टाकत होते.

"दुकालू कुठं हाय? त्याचा फोन बंद येऊन राहिला."

"इथं आहे," मी म्हटलं, "स्टेजवर."

त्यांच्या मागं बायकांचा रडण्याचा आवाज ऐकू येत होता. मग "बरं" म्हणाले आणि फोन कट झाला. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात पुढचं मानपत्र होतं. ते मी वाचलं. कसं वाचलं कोण जाणे, पण वाचलं.

गावात काय झालं ते नंतर कळलं. सुकवारो नावाची सून गोवऱ्यांच्या ढिगात हात घालायला गेली आणि नागानं डाव्या हाताला चावा घेतला. भाऊजी गाडी घेऊन दारात पोचले तर दुकालूच्या घराला कडी. सुकवारोचा सासरा बैगाला घेऊन आला होता. एरवी दुकालूनं त्याला पाच मिनिटांत गुंडाळला असता. भाऊजी एकटे, बोली धड येत नाही, अर्धा तास त्यांची समजूत घालण्यात गेला. साप बघून गावातले सगळे शूर आधीच पांगले होते. मग पासष्टीच्या त्या माणसानं सुकवारोला गमछ्यानं स्वतःच्या पाठीला बांधलं आणि गाडी काढली. वाटेत तिची मान एका बाजूला पडली. गाडी कलंडू लागली म्हणून दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून त्याला मागं बसवलं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते. शर्टावर तिची उलटी होती. आत तिला श्वासाची नळी लावली होती आणि ती वाचेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे न पाहता कारण विचारलं,

"दुकालू कावून निघाला?"

"मले काय मालूम," मी म्हणालो.

सुकवारो वाचली. पण विषानं हाताचं मांस सडलं आणि दोन बोटं कापावी लागली. पोराच्या चड्डीची नाडीसुद्धा ती आता एका हातानं बांधते. गावानं सगळा दोष दुकालूवर टाकला. फोटो काढायला गेला होता, म्हणाले. त्याला कोणी बांधकामावर बोलवेना, पंगतीत त्याच्या शेजारी बसेना. त्यानं माझं नाव घेतलं नाही. मी रोज वाट बघत होतो, आज घेईल, उद्या घेईल. नाही घेतलं, तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण सुटलो असंच वाटलं. दुकालूनं ड्यूटी सोडली, आणि मी तीन वर्षं मूग गिळून बसलो. आणि भाऊजींनी तो प्रश्न मला पुन्हा एकदाही विचारला नाही.

गेल्या रविवारी सकाळी गावानं शाळेच्या पटांगणात भाऊजींची शोकसभा ठेवली. ताई पुढं बसली होती. उरलेल्या स्वयंसेवकांचा सत्कार व्हायचा होता आणि शाली द्यायला साळा म्हणून मला उभं केलं. सरपंचानं नावं वाचली. सहाच्या ऐवजी पाच. दुकालू मागं हातपंपाच्या कट्ट्यावर बसला होता, सभेत असल्यासारखा आणि नसल्यासारखा. पहिली शाल हातात घेतली आणि माझी नजर त्या कट्ट्याकडे गेली. आता नाही बोललो तर हा माणूस मरेपर्यंत तसाच त्या कट्ट्यावर बसणार, हे लख्ख दिसत होतं. आता तर विचारणारेही गेले होते. मी माइक ओढला आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. फोन, खोटा रिलीव्हर, हॉस्पिटलातलं खोटं... ताईनं मान खाली घातली. मग बायकांतून सुकवारो उठली. माझ्यासमोर आली, बोटं नसलेला हात पदराखाली होता.

"तीन बछर लागिस तोला?" एवढंच म्हणाली. तीन वर्षं लागली तुला? आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. तिनं थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं.

लोक पांगल्यावर मी दुकालूकडे गेलो. माफी मागायला शब्द जमवत होतो, तर त्यानंच मला कट्ट्यावर बसायला जागा करून दिली. तू माझं नाव का नाही घेतलंस, मी विचारलं. तो म्हणाला, चूक माझीपण होती, भैयानं शिकवलं होतं पाहून उठायचं आणि मी ऐकून उठलो. मग म्हणाला, "भैया ला मालूम रहिस. मैं उही दिन बता दे रहेंव." त्याच दिवशी त्यानं भाऊजींना सगळं सांगितलं होतं. भाऊजी त्याला म्हणाले होते, तू गप राहा, माझा साळा रागीट आहे पण खोटा नाही, तो आपल्या तोंडानं येऊन सांगेल. तेवढा वेळ त्याला देऊ. आणि दुकालूनं तो वेळ दिला, त्याच्या हातचं काम गेलं तरी दिला.

घरी आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. त्या तीन वर्षांत मी कुरुदला जायचो तेव्हा भाऊजी दर खेपेला ताईला आत चहाला पाठवायचे, टीव्ही बंद करायचे आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. "बोल," म्हणायचे. मी पेन्शनचं बोलायचो, नळाच्या पाण्याचं बोलायचो, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलायचो. ते शेवटपर्यंत ऐकायचे. शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात, जायच्या दोन दिवस आधी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्यांनी हातानं ताईला खुणावलं, बाहेर जा. मला वाटलं, त्यांना लघवीचं भांडं हवं असेल, म्हणून मी वाकून पलंगाखाली हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मास्क बाजूला केला.

"बोल," म्हणाले.

मी म्हणालो, भाऊजी, तुम्ही आराम करा.