विरोधी उमेदवार

शॉमबर्ग या आमच्या अमेरिकन उपनगरातून दोन तास ड्राइव्ह करून आम्ही एका लहान गावच्या जत्रेला गेलो होतो. तिथे कोर्टाच्या पायऱ्यांवर काळा लांब कोट घातलेले एक आजोबा एकोणिसाव्या शतकातल्या निवडणुकीचं प्रचारभाषण करून दाखवत होते. चार वाक्यं झाली की ते थांबायचे, डावीकडे बघायचे आणि रुमालाने मान पुसून पुढे बोलायचे.

भाषण संपल्यावर ते तिथेच बसले. मी पाण्याची बाटली देत विचारलं, "डावीकडे कोण असतं?"

"विरोधी उमेदवार. माझा शाळेपासूनचा मित्र. सव्वीस वर्षं आम्ही इथे एकमेकांना खोटारडे म्हणायचो आणि एकाच गाडीतून घरी जायचो. देशातल्या गेल्या निवडणुकीच्या वेळी मात्र जेवताना खरंच भांडलो. तेव्हापासून बोलणं बंद."

"कुठे राहतात ते?"

"शेजारीच."

दुपारच्या प्रयोगाला त्यांनी मित्राच्या भाषणाचे कागद माझ्या हातात दिले. मी माझ्या पुणेरी इंग्रजीत ते नीट वाचले. टाळ्याही पडल्या. आजोबा मात्र आणखीनच दमलेले दिसले.

"छान वाचलंत," ते म्हणाले. "पण तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलं नाहीत. त्याने मला कधी भाषण पुरं करू दिलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोललो, तेव्हा कळलं, किती कंटाळवाणं आहे ते."

कोटाची बटणं सोडत त्यांनी विचारलं, "उद्याच्या प्रयोगाला आहात का?"

उद्या सोमवार, मला ऑफिस होतं. तसं सांगताना मला त्यांच्याकडे बघवेना.