क्रेनवाल्याचं पोट

बांधकामावर सगळे त्याला घार म्हणत. सकाळी सातला शिडी चढून क्रेनच्या टोकावरच्या काचेच्या खोलीत बसायचं, ते संध्याकाळी सहालाच उतरायचं. डबा दोरीने वर जायचा. मधेच उतरून परत चढायचं म्हणजे पाऊण तास, तोवर खाली सळया, गवंडी, मुकादम सगळे खोळंबणार. अकरा वर्षांत घार एकदाही मधे उतरली नव्हती, आणि याचा त्याला केवढा तोरा! त्यासाठी पाणी प्यायचं ते दिवसात दोन घोट. शौचाला लागलीच तर दाबून धरायची.

"पोटालासुद्धा शिस्त लावलीय मी," तो म्हणायचा.

पोट संपावर गेलं होतं. चार-चार दिवस काही नाही. सकाळी संडासात अर्धा-अर्धा तास. बाहेरून बायको ओरडायची, "अहो, तिथेच बिऱ्हाड मांडलंत का?" आतून नुसतं कण्हणं.

एरंडेल झालं, मेव्हण्याने सांगितलेलं कोमट पाणी झालं. मग बायकोने त्याला धरूनच दवाखान्यात नेलं. कारण त्याचा थोरला भाऊ असाच वर्षभर मूळव्याध म्हणत दुखणं अंगावर काढत राहिला आणि आतड्यात गाठ निघाली तेव्हा फार उशीर झाला होता.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले असतील पंधरा दिवस."

"चार महिने," बायको म्हणाली. "यांचं कॅलेंडर वरच्या हवेत वेगळं चालतं."

"दुसरं काही औषध घेता?"

त्याने खिशातून कंबरदुखीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. दुकानातून आणलेल्या, रोज तीन. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"या गोळ्या दुखणं थांबवतात, पण आतडीही सुस्तावतात. त्यात पाणी नाही, दिवसभर बैठक, वर दाबून धरणं. कारणं तर तुम्ही स्वतःच गोळा केलीत."

त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तसलं काही नाही ना? द्या मग एखादी जोरदार पावडर."

"थांबा. रक्त पडतं का?"

"नाही हो, तसं असतं तर..." म्हणत बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"पडतं," तो म्हणाला. "दोन महिने झाले. दोन बादल्या ओतून येतो मी."

"वजन?"

"पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घरात कुणाला आतड्याचा आजार?"

"थोरल्या दिरांना," बायको म्हणाली. "एक्कावन्नाव्या वर्षी गेले."

"तुमचं वय?"

"अठ्ठेचाळीस."

"कमी पाण्यामुळे आणि गोळ्यांमुळे पोट का अडलं ते कळतं. रक्त आणि वजन त्यात बसत नाही. मूळव्याध असेलही, पण अंदाजावर मी सोडणार नाही. परवा सकाळी दुर्बिणीने आत पाहू. उद्या घरी राहून पोट साफ करायचं औषध घ्यायचं."

"उद्या स्लॅब आहे."

बायकोने त्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या हातात ठेवला. बाहेरच्या बाकावर बसून त्याने मुकादमाला फोन लावला.

"उद्या वर दुसरा माणूस चढव."

"अकरा वर्षांत दांडी नाही, आणि ऐन स्लॅबच्या दिवशी? मेलास का रे?" मुकादम हसला.

"अजून माहीत नाही," तो म्हणाला. "परवा कळेल."