रुमालाखालची बोटं

लोह्याच्या बैलबाजारात भाव चारचौघांना कळू नये म्हणून रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो. बैलांची दलाली करत या बोटांवरच मी घर उभं केलं. आता ती सुजून वाकली आहेत.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सूज आणणारी जनुकं सगळ्यांतच असतात. तुमच्या संरक्षक पेशींत ती काम झाल्यावरही बंद होत नाहीत. मग त्या पेशी तुमच्याच सांध्यांवर तुटून पडतात."

"माझ्या हुबेहूब जुळ्या भावाची बोटं तर सरळ हायती!"

"जनुकं तीच असली, तरी चालू-बंद होणं वेगळं."

वाटणीत विहिरीचं रानही त्यालाच गेलं होतं. त्यासाठी मी भांडलो तरी होतो; आता भांडायचं कुणाशी?

परवा रुमालाखाली मी किती बोटं धरली, तेच गिऱ्हाइकाला कळेना. "मामा, तोंडानंच सांगा की."

मी भाव सांगितला. सगळ्या बाजारानं ऐकला.